गॅरेजमधला ‘डेल्को’

मे महिन्यातली दुपारी दोनची वेळ. कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारी हे गाव अजून दोन-तीन किलोमीटरवर असताना आमच्या गाडीच्या ब्लोअरने एक-दोन आचके दिले आणि तो थांबला. एसीचा कॉम्प्रेसर चालू होता, गारवा डॅशबोर्डच्या पोटात कुठेतरी तयार होत होता. पण तो आमच्यापर्यंत आणून सोडणारा पंखाच स्वस्थ बसला होता. काचा खाली केल्या तर मराठवाड्याचा उन्हाळा आत येई, वर केल्या तर जीव घुसमटे. विशेष म्हणजे याच ब्लोअरचा रेझिस्टर महिनाभरापूर्वी शहरातल्या एका गॅरेजमध्ये बदलून घेतला होता. चार दिवस बरे गेले. मग पहिल्या तीन वेगांवर पंखा फिरेनासा झाला, फक्त चौथ्यावर चाले. आणि आता तोही गेला.

गावात रस्त्यालगत एका ऑटो इलेक्ट्रिशियनचे पत्र्याचे गॅरेज सापडले. मिस्त्री साठीच्या पुढचे. हत्यार हातात घेण्यापूर्वी त्यांनी बरेच प्रश्न विचारले. पंखा एकदम थांबला की हळूहळू मंदावत गेला, आवाज येत होता का, कोणत्या वेगावर चालत होता. मग फ्यूज काढून उजेडात धरला. तो शाबूत होता. मोटारीचा प्लग सोडवून त्याच्या दोन्ही पिनांना टेस्ट लॅम्प लावला. दिवा लख्ख पेटला. म्हणजे वीजही येत होती आणि अर्थिंगही ठीक होते. प्लग पुन्हा जोडून, स्विच चालू ठेवून त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने मोटारीच्या अंगावर दोन हलक्या टिचक्या मारल्या. पंखा कण्हत दोन फेरे फिरला आणि पुन्हा थांबला. निदान झाले होते: मोटारीतले कार्बन झिजून आखूड झाले होते.

पण मिस्त्री तेवढ्यावर थांबले नाहीत. मोटार बाहेर काढून त्यांनी तिचा दांडा बोटांनी फिरवून पाहिला. तो जड होता. धुळीने बुश कोरडा पडला होता. फिरणारी मोटार आपल्या फिरण्यातूनच येणाऱ्या विजेला उलट दाब देत असते. ती जितकी मंद, तितका हा विरोध कमी आणि तितका प्रवाह जास्त. खालच्या वेगांवर हा सगळा प्रवाह रेझिस्टरमधून जातो. रेझिस्टर मुद्दाम ब्लोअरच्या वाऱ्यातच बसवलेला असतो, तो थंड राहावा म्हणून. वाराच मंदावला की त्याचे तेही रक्षण संपते. चौथ्या वेगाला रेझिस्टर वाटेत नसतो, म्हणून तो एकटा वेग शेवटपर्यंत टिकला होता. महिनाभरापूर्वी बदलला तो बळी होता. गुन्हेगार तसाच गाडीत राहिला होता.

हे सर्व चालू असताना मिस्त्रींनी शेजारी उभ्या असलेल्या जुन्या मारुतीकडे बोट दाखवून हाताखालच्या मुलाला तिचा डेल्को उघडून ठेवायला सांगितले. डेल्को म्हणजे डिस्ट्रिब्युटर, इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटून देणारा भाग. आपल्याकडच्या गॅरेजांमध्ये हा शब्द सर्रास चालतो. तो आला कुठून, हे मिस्त्रींना ठाऊक नव्हते. त्यांच्या उस्तादाने तो शिकवला होता. त्याच गॅरेजात दिवसातून शंभरदा उच्चारला जाणारा दुसरा शब्द म्हणजे ‘सेल्फ’. गंमत अशी, की हे दोन्ही शब्द आणि मिस्त्रींच्या हातातली ती वीतभर मोटार, या तिघांची वाट एकाच माणसाच्या दाराशी जाते. त्याचे नाव चार्ल्स फ्रँकलिन केटरिंग.

केटरिंग यांचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात लाउडनव्हिल या गावाजवळच्या शेतावर झाला. घर कष्टकऱ्याचे. मुलगा हुशार, पण दृष्टी अधू. थोडे वाचले की डोळे दुखू लागत, डोके ठणके. शाळा संपल्यावर काही काळ त्यांनी एका खोलीच्या खेड्यातल्या शाळेत मास्तरकी केली. पुढे विद्यापीठात अभियांत्रिकीसाठी नाव घातले, तर डोळ्यांनी इतका दगा दिला की शिक्षण अर्धवट सोडून घरी परतावे लागले. त्या काळात गावोगाव टेलिफोनच्या तारा पोहोचत होत्या. केटरिंग खांबांसाठी खड्डे खणणाऱ्या टोळीत दाखल झाले आणि थोड्याच दिवसांत त्या टोळीचे मुकादम झाले. मोकळ्या हवेत डोळ्यांना आराम मिळाला, आणि तुटलेली तार नेमकी कुठे तुटली आहे हे मैलोन्‌मैल चालण्याआधी विचाराने कसे हुडकावे, हे त्यांना इथेच उमगले. पुन्हा ओहायो स्टेट विद्यापीठात जाऊन १९०४ मध्ये विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली, तेव्हा ते २७ वर्षांचे होते. पाठ्यपुस्तके बरोबरीची मुले वाचून दाखवीत आणि ते ऐकून लक्षात ठेवीत, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पुस्तकापेक्षा वस्तूवर अधिक विश्वास ठेवण्याची त्यांची जन्मभराची सवय कदाचित या अधू डोळ्यांचीच देणगी असावी.

पदवी घेताच डेटन शहरातील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत त्यांना नोकरी मिळाली. दुकानातल्या गल्ल्याचे ते यंत्र तेव्हा हाताने दांडा फिरवून चालवावे लागे. तिथे वीज आणायची होती. अडचण अशी की, गल्ल्याचा खण झटक्यात उघडण्याएवढी ताकद देणारी मोटार तेव्हाच्या हिशेबाने यंत्राच्या आकाराला न शोभणारी निघत होती. केटरिंग यांनी हिशेबाचा पायाच तपासून पाहिला. कारखान्यातली मोटार दिवसभर फिरते. ती तापू नये म्हणून मोठी करावी लागते. गल्ल्याची मोटार दिवसातून शेकडो वेळा चालली तरी एका वेळी क्षणभरच चालणार, आणि मधल्या वेळात निवणार. मग तिच्यावर तेवढ्या क्षणापुरता पेलवेल त्याहून कितीतरी अधिक भार टाकायला हरकत काय? मोटार भाराने जळत नाही. भाराने निर्माण झालेल्या उष्णतेला बाहेर पडायला वेळ मिळाला नाही, तर जळते. वेगळ्या शब्दांत सांगायचे तर मोटारीच्या कोष्टकात त्यांनी काळाचा रकाना घातला. लहानशी मोटार गल्ल्यात बसली आणि चालली.

कंपनीतले त्यांचे वरिष्ठ एडवर्ड डीड्स यांना मोटारगाडीचे वेड होते. त्यांच्या घरामागच्या कोठारात रात्री आणि सुटीच्या दिवशी केटरिंग व त्यांचे काही सहकारी गाडीच्या विजेचे प्रयोग करू लागले. पहिला प्रश्न ठिणगीचा होता. बॅटरीवर चालणारी, भरवशाची ठिणगी देणारी व्यवस्था त्यांनी तयार केली आणि कॅडिलॅक कंपनीचे प्रमुख हेन्री लेलँड यांनी ती हजारोंच्या संख्येने मागवली. माल देण्यासाठी कंपनी हवी, म्हणून १९०९ मध्ये डीड्स आणि केटरिंग यांनी ‘डेटन इंजिनीअरिंग लॅबोरेटरीज कंपनी’ काढली. या लांबलचक नावाची इंग्रजी आद्याक्षरे जुळवली की होतो ‘डेल्को’. शंभराहून अधिक वर्षे आणि दोन महासागर ओलांडून देवगाव रंगारीच्या पत्र्याखाली पोहोचलेला शब्द तो हाच.

त्यानंतरचे काम त्यांच्या आयुष्यातले सर्वांत प्रसिद्ध. जुनी जीप किंवा अँबॅसिडर ज्यांनी हाताळली आहे, त्यांना लोखंडी हँडल आठवत असेल. बंपरच्या भोकातून ते आत घालून हिसका द्यायचा. अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, कारण इंजिनाने उलटा फटका दिला तर मनगट जाई. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जवळजवळ प्रत्येक पेट्रोल गाडी अशीच चालू होत असे. त्यात हात मोडत, जबडे फुटत. गाड्या बनवणारे बायरन कार्टर हे एका अनोळखी बाईची बंद पडलेली गाडी चालू करून देताना हँडलचा फटका बसून जखमी झाले आणि पुढे दगावले. ते लेलँड यांचे स्नेही असल्याने त्यांनी हँडल हटवण्याचा निश्चय केला, अशी कथा सांगितली जाते. कार्टर वारले १९०८ मध्ये आणि लेलँड यांनी केटरिंग यांना गाठले ते त्यानंतर दोन-एक वर्षांनी, त्यामुळे कथेचे तपशील जसेच्या तसे घेता येत नाहीत. पण लेलँड यांना हँडलचा तिटकारा होता, यात शंका नाही.

विजेच्या तज्ज्ञांचे मत विरोधात होते. मोठे इंजिन फिरवायला लागणारी मोटार आणि बॅटरी इतकी जड होईल की गाडीत माणसांना जागा उरणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. आणि तो चुकीचाही नव्हता. फक्त तो दिवसभर फिरणाऱ्या मोटारीचा हिशेब होता. केटरिंग यांना गल्ल्याचा खण आठवला. इंजिन चालू करायला काही सेकंदच पुरतात. लहान मोटारीला तेवढा वेळ तिच्या ताकदीपलीकडे राबवायचे आणि मग मोकळे सोडायचे. त्यांनी आणखी एक पाऊल पुढे टाकले. इंजिन चालू झाल्यावर तीच मोटार उलट इंजिनाकडून फिरवून घेतली तर ती वीज निर्माण करील, बॅटरी पुन्हा भरेल आणि दिवेही जळतील. सुरुवातीच्या रचनेत इंजिनाला पहिला हिसका देण्यासाठी २४ व्होल्टचा दाब वापरत आणि एरवी सर्व व्यवस्था ६ व्होल्टवर चाले. फेब्रुवारी १९११ मध्ये कॅडिलॅक गाडी या व्यवस्थेने चालू झाली आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये ती कारखान्यातूनच बसवून येऊ लागली. गाडी आपली आपण चालू होते म्हणून तिचे नाव सेल्फ स्टार्टर. आपल्या मिस्त्रींनी त्यातला दुसरा शब्द गाळून टाकला.

या शोधाचे परिणाम हाताची हाडे वाचण्यापुरते राहिले नाहीत. तोवर अमेरिकेच्या शहरांत बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या बऱ्यापैकी खपत होत्या, विशेषतः महिलांमध्ये, कारण त्यांना हँडल मारावे लागत नसे. सेल्फ आला आणि त्या गाड्यांचा हा मोठा गुण संपला. विजेच्या गाड्यांना बाजारातून घालवायला एका विजेच्या मोटारीने हातभार लावला, ही इतिहासाची थट्टाच. आता शंभर वर्षांनी त्या परतल्या आहेत. आणखी एक गोष्ट झाली. सेल्फसाठी गाडीत बॅटरी आणि ती भरणारे यंत्र कायमचे आले, आणि त्यांच्या आधाराने पुढे वायपर, हॉर्न, रेडिओ, काचा वर-खाली करणाऱ्या मोटारी आणि शेवटी आमचा तो रुसलेला ब्लोअर, असे सर्व बिऱ्हाड गाडीत राहायला आले.

डेल्को मोठी झाली. १९१६ मध्ये ती विकली गेली आणि दोनच वर्षांत जनरल मोटर्सच्या पदरात पडली. पण त्याच सुमारास केटरिंग यांनी केलेले एक काम कमी सांगितले जाते आणि मराठवाड्यातल्या माणसाला ते विशेष जवळचे वाटावे. अमेरिकेतल्या खेड्यांत, त्यांच्या स्वतःच्या आईवडिलांच्या शेतावर, तेव्हा वीज नव्हती. शहरातल्या वीज कंपन्यांना तारा ओढणे परवडत नव्हते. केटरिंग यांनी लहानसे इंजिन, जनित्र आणि बॅटऱ्या यांचा ३२ व्होल्टचा संच बनवला. ‘डेल्को-लाइट’ या नावाने तो हजारो शेतघरांत गेला. दिव्याखेरीज पाण्याचा पंप आणि कपडे धुण्याचे यंत्रही त्यावर चाले. त्यांच्या मते त्यात सर्वांत मोठी सुटका घरातल्या बाईची होती.

१९२० मध्ये जनरल मोटर्सने संशोधनासाठी स्वतंत्र कंपनी काढून केटरिंग यांना तिचे प्रमुख नेमले. या पदावर ते १९४७ पर्यंत राहिले. पण सुरुवातच एका मोठ्या अपयशाने झाली. गाडीच्या इंजिनातले पाणी, रेडिएटर, नळ्या ही सगळी उठाठेव काढून टाकून ते हवेने थंड करायचे, असे त्यांच्या मनाने घेतले. तांबे उष्णता झपाट्याने वाहून नेते. म्हणून त्यांनी लोखंडी सिलिंडरभोवती तांब्याचे पंख जडवले आणि त्यांवरून मोठ्या पंख्याने वारा खेळवला. कल्पना सुंदर होती. प्रयोगशाळेतील गाड्या चालत होत्या. पण कारखाने चालवणाऱ्या विभागांना हे इंजिन नको होते, वरिष्ठांना ते लगेच हवे होते, आणि या ओढाताणीत १९२३ मध्ये ते शेव्हरले गाडीत घालून बाजारात आणले गेले. उन्हात चढावर इंजिन तापे, ताकद जाई, अवेळी पेट घेई. एकूण ७५९ गाड्या बनल्या, त्यांपैकी सुमारे १०० ग्राहकांच्या हाती पडल्या. त्या उन्हाळ्यात कंपनीने त्या परत मागवल्या. बहुतेक मोडीत निघाल्या.

केटरिंग मनाने खचले आणि त्यांनी राजीनामा देऊ केला. कंपनीचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनी त्यांना थांबवून घेतले. हा इतिहास वाचताना एक गोष्ट टोचते. केटरिंग शेवटपर्यंत मानत राहिले की त्यांचे इंजिन निर्दोष होते आणि विरोध करणाऱ्यांनी ते मारले. त्यात काही तथ्य असेलही. पण दुसऱ्याच्या यंत्रातला दोष शोधताना जी अलिप्तता ते पाळत, ती स्वतःच्या लाडक्या यंत्राबाबत त्यांना साधली नाही. तो त्यांच्या स्वभावातला कोरडा पडलेला बुश होता, आणि त्याची किंमत पुढच्या प्रकरणात जगाला मोजावी लागली.

ते प्रकरण शिशाचे. त्याची सुरुवात मात्र उत्तम निदानाने झाली होती. इंजिनावर भार आला की आत ठकठक होई. गाडीवाले त्याला ‘नॉकिंग’ म्हणत. कॅडिलॅकमध्ये ती वाढली तेव्हा दोष केटरिंग यांच्या बॅटरीच्या ठिणगीवर आला. त्यांनी आणि त्यांचे तरुण सहकारी थॉमस मिजली यांनी सिलिंडरमधला दाब कसकसा चढतो हे मोजून दाखवले, की ठोका ठिणगीनंतर पडतो. दोष ठिणगीचा नाही, इंधनाचा आहे. मग इंधनात काय मिसळावे, याचा शोध सुरू झाला. शेकडो पदार्थ तपासून झाल्यावर ९ डिसेंबर १९२१ रोजी मिजली यांना टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग सापडले. अगदी थोडे घातले तरी ठकठक बंद होई. १९२३ मध्ये डेटन शहरातल्या पंपावर असे पेट्रोल विकायला आले.

शिसे विषारी आहे, हे तेव्हाही कुणापासून लपलेले नव्हते. मिजली स्वतः त्या विषाने आजारी पडले होते. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील शुद्धीकरण कारखान्यात हे संयुग बनवणाऱ्या कामगारांना भ्रम होऊ लागले आणि त्यांच्यापैकी पाच जण दगावले. इतर ठिकाणीही मृत्यू झाले. त्या वेळी हे संयुग विकणाऱ्या एथिल कंपनीचे अध्यक्ष केटरिंग होते. मे १९२५ मध्ये सरकारी आरोग्य खात्याने बोलावलेल्या परिषदेत त्यांनी कंपनीची बाजू मांडली. अभ्यास समितीने अल्पावधीत तपासणी केली, विक्री थांबवण्याइतका पुरावा नाही असे म्हटले, पुढेही अभ्यास व्हावा अशी शिफारस केली, आणि १९२६ मध्ये पंप पुन्हा सुरू झाले. ठकठक थांबवायला अल्कोहोलही उपयोगी पडते, हे केटरिंग आणि मिजली या दोघांनाही माहीत होते. पण ते बरेच घालावे लागे, आणि त्याचे पेटंट कुणाला मिळणार नव्हते.

यंत्रासमोर बसल्यावर हा माणूस पहिल्या उत्तरावर कधी समाधान मानत नसे. इथे मात्र ठकठक थांबली एवढे उत्तर त्यांना पुरले; धुराड्यातून बाहेर पडलेले शिसे कुठे जाते, हा प्रश्न त्यांनी दुसऱ्यांवर सोडला. ते रस्त्यावरच्या धुळीत, हवेत आणि लहान मुलांच्या रक्तात जात होते. भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० साली थांबली. जगातला शेवटचा देश अल्जीरिया. तिथे २०२१ मध्ये थांबली. म्हणजे पहिल्या पंपापासून ९८ वर्षे. त्यांच्या गुणवर्णनाच्या पुस्तकांत हे प्रकरण बहुधा यशाच्या यादीत येते. ते तसे वाचणे आता अवघड आहे.

याच जोडीचे दुसरे काम आमच्या ब्लोअरच्या आणखी जवळचे. १९२० च्या दशकात घरगुती फ्रिजमध्ये विषारी किंवा ज्वालाग्राही वायू वापरत. गळती झाली तर माणसे मरत. जनरल मोटर्सचा फ्रिजचा धंदा होता. केटरिंग यांनी मिजली यांना निर्धोक वायू शोधण्यास सांगितले आणि १९२८ मध्ये तो सापडला. पुढे तो फ्रीऑन नावाने विकला गेला. न जळणारा, न बाधणारा. पुढे गाड्यांच्या एसीतही अनेक दशके तोच होता. या जातीचे वायू वातावरणात उंच जाऊन ओझोनच्या थराला खातात, हे १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी दाखवले आणि १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ते टप्प्याटप्प्याने हटवले गेले. शिशाचा आणि याचा न्याय एकाच तराजूत करता येत नाही. शिशाचे विष हातात दिसत होते. ओझोनचे गणित १९२८ मध्ये कुणालाच ठाऊक नव्हते. केटरिंग यांनी स्वतः डेटनजवळच्या आपल्या टेकडीवरच्या घरात वातानुकूलन बसवले होते. अमेरिकेतले विजेवर वातानुकूलित झालेले ते पहिले घर, असे सांगितले जाते.

बाकीचे थोडक्यात सांगता येईल. पहिल्या महायुद्धात त्यांनी माणसाविना उडणारे, ठरावीक अंतरावर पडणारे विमान बनवले. ते युद्धात वापरण्यापूर्वीच युद्ध संपले. १९३० च्या दशकात मुलगा यूजीन याच्या साहाय्याने त्यांनी हलके दोन-स्ट्रोक डिझेल इंजिन तयार करवले. १९३४ पासून अमेरिकेत गाड्या त्यावर धावू लागल्या आणि वाफेचे इंजिन मागे पडले. त्याच घराण्यातले इंजिन घेऊन धावणारी डिझेल इंजिने १९९९ नंतर भारतीय रेल्वेतही आली. गवत हिरवे का असते, म्हणजे पान सूर्यप्रकाश कसा साठवते, या प्रश्नावर त्यांनी स्वतःच्या पैशातून अनेक वर्षे संशोधन करवले. १९४५ मध्ये स्लोन यांच्यासह न्यूयॉर्कमध्ये कर्करोग संशोधनाची संस्था उभी केली. ती आजही दोघांच्या नावाने ओळखली जाते. पुढच्याच वर्षी पत्नी ऑलिव्ह कर्करोगाने गेल्या. टेलिफोनच्या तारा ओढण्याच्या दिवसांत भेटलेली ती सोबत होती.

नोव्हेंबर १९५८ मध्ये, ८२ व्या वर्षी, केटरिंग यांचे डेटनजवळच्या त्याच घरी निधन झाले. त्यांच्या नावावर १८६ अमेरिकी पेटंटे होती. त्यांच्या घराभोवतालच्या वस्तीने त्यांच्या हयातीतच केटरिंग हे नाव घेतले होते.

देवगाव रंगारीत तोवर साडेचार वाजले होते. मिस्त्रींनी डब्यातून जवळच्या मापाचे कार्बन शोधले, ते पॉलिश पेपरवर घासून खाचेत सहज सरकतील असे केले. आर्मेचरची तांब्याची पट्टी पुसून तिच्या फटींतली काजळी टोकदार सुईने काढली, नवा बुश ठोकून त्याला तेल दिले. मोटार गाडीत बसवण्याआधी थेट बॅटरीवर लावून पाहिली. ती आवाज न करता फिरली. मग त्यांनी हाताखालच्या मुलाला केबिन फिल्टर काढायला लावले. तो धुळीने आणि वाळक्या पानांनी गच्च भरला होता. फिल्टर बदलायला सांगून आणि नवा रेझिस्टर शहरातून आणून घालीपर्यंत ब्लोअर चौथ्यावरच चालवायला सांगून त्यांनी जळका रेझिस्टर माझ्या हातात ठेवला. त्याच्यावरचा उष्णतेने वितळणारा जोड सुटलेला स्पष्ट दिसत होता. पैसे देताना मी त्यांना डेल्कोचा अर्थ सांगितला. त्यांनी तो ऐकून घेतला, डेटन कुठे आहे ते विचारले, आणि मारुतीकडे वळले.